छातीवरची हवा, पाठीवरची हवा

स्कूबाच्या सामानाचा इतिहास सांगणारे बहुतेक जण पाण्याखाली काय घडले ते सांगतात. माणूस किती खोल गेला, किती वेळ राहिला, मधल्या पाण्यात अधांतरी कसा थांबू लागला. मला पाण्याच्या वर काय घडले ते सांगायचे आहे. बोटीवरून उडी मारल्यानंतरची काही मिनिटे आणि बुडी संपवून वर आल्यानंतरची काही मिनिटे. डोके बाहेर, पाठीवर सिलिंडर, कमरेला शिसे आणि बोट अजून लांब. कितीतरी अपघात याच वेळात होतात. माणूस धडपणे वर पोचतो, पण दमलेला असतो. जॅकेटमध्ये हवा भरायची राहते, शिशाचा पट्टा सोडायचे सुचत नाही, आणि तो पुन्हा खाली जातो. बुडालेल्या अनेक पाणबुड्यांच्या कमरेला शिसे जसेच्या तसे सापडले आहे.

हा वेळ सुखाचा जावा म्हणून गेल्या साठेक वर्षांत मुख्यतः तीन तऱ्हेची साधने आली. हवा छातीवर ठेवणारे, अंगाभोवती ठेवणारे आणि पाठीवर ठेवणारे. तिन्ही मी वापरली आहेत. माझे मत असे की पाण्याखालची सोय जसजशी वाढत गेली तसतशी पाण्यावरची सोय आपण सोडत गेलो, आणि जे पूर्वी साधन करत होते ते आता माणसाला स्वतः शिकावे लागते. ते शिकवायला मात्र फारसे कुणी थांबत नाही, याची मला काळजी वाटते.

मी शिकलो इंग्लंडमध्ये, लेस्टरजवळच्या स्टोनी कोव्हमध्ये. ही दगडाची जुनी खाण. दगड काढणे थांबले, झऱ्यांचे पाणी साठले आणि समुद्रापासून लांब राहणाऱ्या मध्य इंग्लंडच्या पाणबुड्यांना सरावाची जागा मिळाली. तळ पस्तीस मीटरच्या आसपास. हिवाळ्यात पाणी चार-पाच अंशांवर येते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी लेस्टरमध्ये मोजे-बनियन विणणारी यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. तिथल्या दोघांच्या ओळखीने ब्रिटिश सब-ॲक्वा क्लबच्या एका शाखेत गेलो. हा क्लब १९५३ सालचा. शिकवणारे सगळे हौशी, सामान शाखेच्या मालकीचे, आणि नवख्याच्या वाट्याला अर्थातच सगळ्यात जुने येई.

मला मिळालेले जॅकेट म्हणजे नारिंगी रंगाची रबरी कापडाची पिशवी होती, घोड्याच्या गळपट्ट्याच्या आकाराची. मधल्या भोकातून डोके घालायचे. पिशवी मानेमागून येऊन छातीवर उतरे. एक पट्टा कमरेभोवती, दुसरा दोन पायांमधून. हा दुसरा पट्टा सैल राहिला तर हवा भरताच सगळी पिशवी सरकून हनुवटीखाली येई आणि मान हलवता येत नसे. तोंडाने फुंकायची एक जाड, सुरकुत्यांची नळी. पोटाशी आडवी बसवलेली वीतभर लांबीची छोटी बाटली आणि तिची फिरवायची चावी. जादा हवा आपोआप सोडणारी झडप. दोरीला बांधलेली शिट्टी. बुडी झाल्यावर पिशवी गोड्या पाण्याने आतूनबाहेरून धुऊन, थोडी फुगवून टांगून ठेवावी लागे, नाहीतर आतले रबर एकमेकांना चिकटे.

अशा जॅकेटला सगळे जण ‘फेन्झी’ म्हणत, मग ते कुठल्याही कंपनीचे असो. मोरिस फेन्झी या फ्रेंच माणसाने १९६१ साली ते आणले. त्याची खरी करामत त्या छोट्या बाटलीत होती. ती बुडीआधी मोठ्या सिलिंडरमधून भरून घ्यायची. बाटली ०.४ लिटरची, २०० बारपर्यंत भरली तर तिच्यात पृष्ठभागावरच्या मापाने ८० लिटर हवा. तीस मीटर खोलीवर दाब चौपट असतो, म्हणून तिथे तीच हवा वीस लिटर जागा व्यापते. एका दमलेल्या माणसाला त्याच्या शिशासकट वर आणायला एवढी हवा पुरेशी. मोठे सिलिंडर रिकामे झाले तरी ही बाटली स्वतंत्र राही. अगदीच वेळ आली तर पिशवीतली हवा नळीतून थोडी थोडी श्वासात घेत वर यायचे, असेही आम्हाला शिकवले जाई.

त्याआधी काय होते? झॅक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली ॲक्वालंग, म्हणजे सिलिंडरमधून श्वास घेण्याचे यंत्र, तयार केला तेव्हा त्याला जोडून तरंगण्याचे साधन असे नव्हतेच. सिलिंडरचे पट्टे, थोडे शिसे, पायात फिन्स. वर आल्यावर पाय मारत राहायचे. भूमध्य समुद्राच्या उबदार पाण्यात, उघड्या अंगाने, हे निभावून जाई. गाठ पडली ती रबरी पोशाखामुळे. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला निओप्रीनचा पोशाख बनवला. निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. तेच अंग गरम ठेवतात आणि तेच माणसाला वर ढकलतात. मग खाली जाण्यासाठी शिसे वाढवावे लागले. पण दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, ते बुडबुडे दबतात, पोशाखाचा तरंगण्याचा जोर घटतो, आणि वर बरोबर वाटलेले शिसे खाली जड होते. थंडीपासून वाचायला घातलेल्या कपड्याने वजनाचा हा चढउतार गळ्यात बांधला, आणि हवा कमीजास्त करता येईल अशा पिशवीची गरज निर्माण केली.

पिशवी मात्र नवी शोधावी लागली नाही. पीटर मार्कस या अमेरिकन माणसाने १९२८ साली फुगवता येणाऱ्या जीवरक्षक जॅकेटचे पेटंट घेतले होते. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचे वैमानिक ते वापरत, आणि छातीवर फुगणारे म्हणून मे वेस्ट या नटीच्या नावाने ते ओळखले जाई. समुद्रात पडलेला वैमानिक बेशुद्ध असला तरी त्याचे तोंड आकाशाकडे राहिले पाहिजे, हा त्याचा हेतू. फेन्झीने तीच रचना घेतली आणि तिला पाण्याखाली वापरण्याजोगी केली. म्हणजे पाणबुड्याचे पहिले साधन हे मुळात पाण्यावरच्या माणसासाठी घडलेले होते. नंतरच्या सगळ्या वादांचे बीज इथे आहे.

याहून फार जुना दाखला पाहायचा तर लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये निमरूदच्या राजवाड्यातले कोरीव दगड आहेत, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातले, दुसऱ्या अशुरनासिरपालाच्या काळचे. एका दगडावर बाणांपासून पळणारे लोक नदी ओलांडताना दिसतात. त्यांतल्या दोघांच्या पोटाखाली फुगवलेले कातडे आहे आणि त्याची नळी तोंडात धरलेली आहे. काही पुस्तकांत या माणसांना जगातले पहिले पाणबुडे म्हटले आहे. ते पटण्यासारखे नाही. ते पाण्यावरच आहेत, आणि गळणारी हवा पुन्हा भरत आहेत. मी त्या दगडापुढे बराच वेळ उभा राहिलो. हवा शरीराच्या कुठल्या बाजूला ठेवली आहे हेच मी पाहत होतो. छातीखाली. पुढे पोहायचे असेल तर ती जागा बरोबर आहे.

कारण सगळा प्रश्न जागेचाच आहे. पाण्यात सैल सोडलेले शरीर गोल फिरत राहते आणि हवा वर, जड वस्तू खाली अशा अवस्थेत येऊन थांबते. फेन्झीत हवा छातीवर आणि मानेमागे. पाठीवर जड सिलिंडर. साहजिकच माणूस उताणा होतो, मानेखाली उशी येते, नाकतोंड पाण्याबाहेर राहते. त्यासाठी त्याला काहीही करावे लागत नाही. आमचे शिक्षक कोलव्हिलकडचे निवृत्त खाणकामगार होते. ते नवख्याला खाली नेण्याआधी पाण्यावर निजवत. मास्क कपाळावरही नाही, काढून हातात. डोळे मिटलेले, पाय अजिबात हलवायचे नाहीत. मग ते आमच्याभोवती पोहत फिरत आणि न सांगता एखाद्याचा खांदा दाबून त्याला कुशीवर वळवत. तो पुन्हा आपोआप उताणा झाला तर पुढच्या माणसाकडे. झाला नाही तर त्याचा पट्टा आवळायचा, शिसे मागे सरकवायचे, आणि पुन्हा निजायचे. फेब्रुवारीतल्या पाण्यात हे करताना दात वाजत. पण त्या पडून राहण्यात छातीतली धडधड शांत होई, श्वास लांब होई, आणि खाली जाताना हवा कमी लागे. मला आजवर मिळालेल्या सगळ्या शिकवणीत ही सर्वात मोलाची होती.

पाण्याखाली मात्र फेन्झी त्रास देई. हवा गळ्याशी, शिसे कमरेला; त्यामुळे डोके वर, पाय खाली अशा तिरक्या अवस्थेत पोहावे लागे. तळाचा गाळ फिन्सने उडे. पिशवीखाली सिलिंडरचे पट्टे, त्याखाली शिशाचा पट्टा; एक सोडायचा तर दुसरा हाताला येई.

१९७१ साली स्कूबाप्रो कंपनीने स्टॅबिलायझिंग जॅकेट आणले आणि चित्र बदलले. बिनबाह्यांच्या जाकिटासारखे ते अंगात घालायचे. सिलिंडर जाकिटालाच पट्ट्याने बांधलेले. हवा पाठीकडून काखेखालून पोटाशी आणि खांद्यांवरून छातीवर फिरायची, म्हणजे शरीर कसेही वळले तरी हवा सर्वात वरच्या बाजूला जाऊन बसे. त्याच सुमारास सिलिंडरच्या दाबाची हवा थेट जॅकेटमध्ये सोडणारी नळी आणि बटण रूढ होत गेले. बोटाने दाबले की हवा आत. बाटली भरण्याची कटकट गेली. पाण्याखाली आडवे, सरळ राहता येऊ लागले.

ब्रिटनमध्ये आमच्यासारख्या क्लबांतून या जॅकेटला विरोध झाला आणि तो बरीच वर्षे टिकला. जुन्या शिक्षकांचे म्हणणे एकच होते: बेशुद्ध माणसाला हे उताणे करील याची खात्री काय? आमच्या शाखेत यावर इतकी चर्चा झाली की शेवटी तरणतलावात प्रयोग केला. एकेकाने अंग सैल सोडून पाण्यावर पडायचे, श्वास रोखून, तोंड खाली, आणि बाकीच्यांनी पाहायचे. गळपट्टावाले सगळे फिरून वर झाले. जॅकेटवाल्यांत ज्यांच्या पाठीवर स्टीलचे जड सिलिंडर होते ते सावकाश वळले. ज्यांनी सगळे शिसे पुढे, पोटाशी बांधले होते त्यांतले काही तसेच कुशीवर राहिले. शिक्षकांची भीती खरी होती, पण उपायही तिथेच दिसत होता. शिसे कुठे आहे यावर तोंड कुठे राहील हे ठरते. तरीही ऐंशीच्या दशकात जॅकेटच जिंकले, आणि ते योग्यच झाले असे मी मानतो. हजारो माणसांना त्याने पाण्याखाली स्थिर केले.

पृष्ठभागावर जॅकेटचा दोष वेगळा. पूर्ण फुगवले की ते बरगड्या आवळते. थकलेला माणूस आधीच धापा टाकत असतो. त्याला वाटते आणखी हवा भरली तर आणखी सुरक्षित होऊ, तो बटण दाबत राहतो, आणि छाती फुगायला जागा उरत नाही. मग घाबरतो. कंपन्यांना हे कळत होते. म्हणून आत पोटावर एक रुंद, सैलसर पट्टा आला, हवा भरली तरी अंगाशी मऊ राहणारा. पुढे खांद्यांवरची हवेची वाट बंद करून तिथे लांब-आखूड होणारे पट्टे आणि चटकन सुटणारी बकले आली. आज भाड्याने मिळणारी बहुतेक जॅकेटे याच घराण्यातली.

खरे तर इतकी हवा लागतच नाही. पाण्यात बुडालेल्या डोक्याचे वजन जवळजवळ जाणवत नाही, पण बाहेर काढले की ते चार-पाच किलो भरते, आणि तेवढे उचलायला चार-पाच लिटर हवा हवी. त्यात बुडीच्या सुरुवातीला सिलिंडरमधल्या हवेचेही वजन धरायचे: १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला जवळपास तीन किलो हवा असते. त्याची आणि थोड्या जादा शिशाची भरपाई केली की झाले. यापुढची हवा खांदे आणि छाती पाण्याबाहेर काढण्यात खर्च होते. बाहेर आलेला प्रत्येक किलो पुन्हा हवेनेच तोलावा लागतो, आणि माणूस लाटेवर अधिक डुचमळतो. हनुवटी पाण्याला लागेल न लागेल इतके तरंगणे पुरते.

तिसरी तऱ्हा उत्तर फ्लोरिडात रुजली. तिथे चुनखडीत पाण्याने भरलेल्या गुहा आहेत, मैलच्या मैल. गुहेत डोक्यावर छत असते, तळाशी पिठासारखा गाळ असतो. पाय जरा खाली गेले की गाळ उठतो आणि परतीची दोरी दिसेनाशी होते. या गुहांत उतरणाऱ्यांना पूर्ण आडवे राहणे हाच जगण्याचा मार्ग होता. १९७९ साली ग्रेग फ्लॅनगन यांनी धातूची पाठपट्टी वापरात आणली. बिल होगार्थ मेन यांनी तिचे पट्टे आणखी साधे केले. पट्टी पाठीला, तिच्या आणि सिलिंडरच्या मध्ये हवेची पिशवी, तिला विंग म्हणतात. छातीवर काही नाही. पाठीवरच्या पिशवीची कल्पना त्याआधी वॉटरगिल कंपनीच्या ॲट-पॅकमध्येही येऊन गेली होती. त्यात शिशाच्या गोळ्याही पाठीवरच्या खोक्यातच असत. पण टिकली ती गुहावाल्यांची रचना, आणि हळूहळू ती उघड्या समुद्रातही आली.

मी विंग पहिल्यांदा वापरली ऑर्कनीतल्या स्कापा फ्लोमध्ये. १९१९च्या जूनमध्ये जर्मन आरमाराने तिथे आपली जहाजे स्वतःच बुडवली. त्यांतली काही अजून तळाशी आहेत. खाली विंगसारखे सुख नाही. छाती मोकळी, अंग आडवे, कशाचीही ओढ नाही. वर आलो, वाऱ्याने पाणी उसळत होते, सवयीने पूर्ण हवा भरली आणि पिशवीने मागून ढकलून मला पुढे वाकवले. प्रत्येक लाट सरळ तोंडावर.

मला तेव्हा कराडकडची आमची विहीर आठवली. पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधत; ज्यांच्या घरी भोपळा नसे त्यांच्या पाठीला झाकण पक्के लावलेला पत्र्याचा डबा. त्याने अंग पाण्यावर राही, पण पोट खाली, तोंड पुढे. पोहण्यासाठी तेच हवे असे. दम लागला की विसाव्यासाठी मात्र कडेच्या दगडाला धरावे लागे. भोपळ्यावर उताणे पडता येत नसे. आणि थोरली मंडळी भोपळा मानेजवळ नाही, पाठीच्या मध्यावर बांधत, काचा आवळून. काचा सैल असला तर भोपळा वर सरकतो आणि पोराचे तोंड पाण्यात जाते, हे त्यांना ठाऊक होते.

विंगवर पाण्यात आराम मिळतो, पण तो जुळवून घ्यावा लागतो. शिसे पोटाशी न ठेवता मागे, सिलिंडरच्या पट्ट्यावर किंवा पाठपट्टीत ठेवायचे. पायांमधला पट्टा घट्ट. फेन्झीच्या काळातला हा पट्टा इथे परत आला आहे, आणि त्याच कामासाठी. हवा निम्मी-पाऊण. मग मागे रेलायचे, गुडघे किंचित वर घ्यायचे, फिन्सची टोके पाण्याबाहेर दिसू द्यायची. हवा खाली येते, आपण तिच्यावर आरामखुर्चीत बसल्यासारखे बसतो. लाटांकडे पाठ करायची आणि बोट दिसेपर्यंत रेग्युलेटर किंवा स्नॉर्कल तोंडातून काढायचे नाही. नंतर मला विंगवर पडून राहायला जॅकेटपेक्षाही बरे वाटू लागले, कारण बरगड्यांवर काहीच नसते. पण हे सारे शुद्धीवर असलेल्या, शिकलेल्या माणसाला साधते. शुद्ध हरपलेल्याला विंग काही मदत करत नाही.

युरोपने ही गोष्ट कागदावर मान्य केली. १९९७ साली आलेल्या ईएन १८०९ या मानकाखाली विकल्या जाणाऱ्या साधनावर सूचना असते की हे जीवरक्षक जॅकेट नव्हे, पृष्ठभागावर वापरणाऱ्याचे डोके वर राहील याची हमी नाही. आतल्या बाजूला शिवलेल्या छोट्या पांढऱ्या पट्टीवर ती बारीक अक्षरांत छापलेली असते. फेन्झी नेमक्या याच गोष्टीसाठी घातले जाई. छत्तीस वर्षांत साधनाचे मूळ काम त्याच्यावरून काढून घेतले गेले, आणि बहुतेकांनी ती पट्टी कधी वाचलेली नसते.

आता थंडीचे महिने मी मालवणला काढतो. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे रीतसर शिक्षण होते. पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास एका बुडीपुरते उतरणारे पर्यटक कितीतरी अधिक. त्यांच्या जॅकेटचे बटण सगळा वेळ प्रशिक्षकाच्या हातात असते आणि वर आल्यावर ते बोटीच्या दोरीला घट्ट धरून असतात, मान ताठ, पाय सायकल मारल्यासारखे चालू. मालवणातले हे प्रशिक्षक पाण्यात वाढलेले आहेत, त्यांच्या हातात माणूस सुरक्षित असतो. माझे मागणे त्यांच्याकडे एवढेच असते, आणि त्यांतले काही जण ते आता करूही लागले आहेत: पाहुण्याला लगेच खाली नेऊ नका. जॅकेट अर्धे भरा, दोरी सोडायला सांगा, मानेखाली हात द्या, कान पाण्यात जाऊ देत. पाय थांबेपर्यंत वाट पाहा. मग हात काढा. त्याचे तोंड कुठे राहते ते बघा, गरज पडली तर शिसे मागे सरकवा, आणि त्यानंतर हवा सोडा.